गायकवाड सरांच्या ताब्यातली बॅटरी

दत्तू लहानू गायकवाड, म्हणजे हायस्कुलातले विज्ञानाचे गायकवाड सर, यांनी त्या कागदावर सही केली ती फक्त एका शब्दासाठी. कोर्टाचा बेलीफ चिंधू भोईर मंगळवारी शाळा सुटल्यावर त्यांच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातातल्या छापील कागदावर 'गावातील एक प्रतिष्ठित व निःपक्षपाती गृहस्थ' असं लिहिलेलं होतं आणि पुढे नावाची जागा मोकळी होती. सरांनी तो कागद दोनदा वाचला. भिवंडीत त्यांना विज्ञानाचे सर म्हणत, शेजारी 'मास्तर' म्हणत, आणि वाणी 'ओ चष्मेवाले' म्हणे. प्रतिष्ठित असं आजवर लेखी कुणी म्हटलं नव्हतं.

"तुमच्या दारात बैलगाडीचं छप्पर हाय," चिंधू बोटं मोडत म्हणाला, "फाटकाला कुलूप हाय, आनि तुमचं कोनाशी भांडन न्हाय. हे तिनी एका ठिकानी मना सगल्या भिवंडीत गावलं न्हाय, सर."

सरांनी सही केली. तासाभराने सहा माणसांनी ढकलत एक लाल गाडी अंगणात आणली.

गाडी विलायती होती. बुटकी, लांब नाकाची, छप्पर नसलेली, दोन माणसांची. अंजूरच्या लडकू आणि विठू पाटील या भावांनी यंत्रमागाचे लूम टाकले, लूम चालले, आणि चालल्याच्या आनंदात दोघांनी मुंबईच्या एका हौशी पारशाकडून ती घेतली. गाडी दोन माणसांची आणि भाऊ दोन, इथवर सगळं जुळलं होतं. चालवायचं चाक मात्र एकच निघालं. चाकाशी कोणी बसायचं यावरून सुरू झालेलं भांडण घरातून शेतात, शेतातून लूमच्या शेडमध्ये आणि तिथून कोर्टात गेलं. वाटणीचा निकाल लागेपर्यंत गाडी त्रयस्थाच्या ताब्यात ठेवावी, असा हुकूम झाला होता.

सुपुर्दनाम्याची, म्हणजे त्याच कागदाची, खालची ओळ सरांनी सही केल्यानंतर वाचली. 'गाडी पंचांसमक्ष पहिल्या खटक्यात चालू झाली. तशाच स्थितीत परत करणेची हमी सुपुर्ददार देत आहे. कसूर झाल्यास कारवाईस पात्र राहील.' अनुदानित शाळेतल्या माणसाला 'कारवाई' हा शब्द नुसता दिसला तरी तहान लागते. सर पाणी प्यायले आणि म्हणाले, "आणि किल्ली?"

"किल्ली लाखेचं सील मारून कोर्टात," चिंधू म्हणाला. "तुमाला चालवायची न्हाय, सर. निसती ठेवायची."

पहिला आठवडा सरांनी प्रतिष्ठेत काढला. येणारा-जाणारा फाटकाशी थांबे आणि सर वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर बसत, म्हणजे गाडी आणि ते एकाच नजरेत यावेत. आठव्या दिवशी समोरचे रघूमामा आले. रघूमामांनी तीस वर्षं ट्रक चालवला होता आणि ते गाडीकडे वैद्य जसा माणसाकडे बघतो तसे बघत.

"मास्तर, बॅटरी मरणार हिची."

"काय?"

"उभी गाडी म्हणजे मेलेली बॅटरी. महिन्या-दीड महिन्यात खेळ खलास. मग कसली चालू होतेय पहिल्या खटक्यात!"

सर हसले. त्यांनी रघूमामांना बसवलं आणि संचायक घटातलं शिसं, पातळ गंधकाम्ल, न वापरता आपोआप होणारा विसर्ग, पत्र्यांवर जमणारा पांढरा थर, असं सगळं नीट समजावून सांगितलं. हा धडा ते बारा वर्षं नववीला शिकवत होते. थराशी पोचल्यावर त्यांचा आवाज मंदावला. आपण रघूमामांचंच म्हणणं सिद्ध करत आहोत, आणि तेही आपल्याच विरुद्ध, हे त्यांच्या लक्षात आलं. प्रत्यक्ष बॅटरीला त्यांनी आयुष्यात कधी हात लावला नव्हता. शाळेत एक होती, पण ती कपाटात होती आणि कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडे होती.

किल्लीशिवाय बॅटरीची तब्येत बघायची कशी? रघूमामा म्हणाले, या गाडीचा हॉर्न किल्लीशिवाय वाजतो. त्यांनी तो वाजवला. त्या हॉर्नचा आवाज भारदस्त होता, बोटीच्या भोंग्यासारखा. सरांना धीर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो स्वतः वाजवला आणि वहीत लिहिलं, 'आवाज उत्तम'.

इथे एक चूक झाली. गल्लीला कळलं की सरांच्या गाडीची तब्येत हॉर्नवरून कळते. मग ज्याला-त्याला तिच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. दूध घालायला आलेला भय्या वाजवून जाई. पोस्टमन वाजवी. शेजारच्या ठमाबाईंचा जावई सकाळच्या शिफ्टला उठत नसे. त्या पहाटे फाटकातून हात घालून नुसतंच अडकवलेलं कुलूप आणि कडी काढत, गाडीशी जात आणि जावई बाहेर येईपर्यंत हॉर्नवर हात ठेवत. सर दुपारी शाळेत असत. संध्याकाळी येऊन ते आपला एक हॉर्न वाजवत आणि नोंद करत. तिसऱ्या आठवड्यात नोंद होती 'आवाज किंचित बसका'. चौथ्या आठवड्यात गाडी शेळीसारखी ओरडली आणि सरांनी त्या दिवसाची जागा कोरी सोडली.

"पाणी बघा तिचं," रघूमामांनी सल्ला दिला. सरांनी गाडीचं नाक उघडलं, बॅटरीची सहा झाकणं फिरवून काढली आणि आत वाकून पाहिलं. वाकताना त्यांची नवी टेरीकॉटची पँट बॅटरीला घासली. दुसऱ्या दिवशी तासाला मुलं फळ्याऐवजी त्यांच्या मांडीकडे का बघतात हे त्यांना मधल्या सुटीत कळलं. पँटला पाच भोकं पडली होती. आम्लाचा कापसावर परिणाम, हाही नववीलाच होता.

पाणी खरंच कमी होतं. डिस्टिल्ड वॉटर हवं होतं. सर शाळेतून आणणार होते, पण हेडमास्तर म्हणाले लेखी मागणी द्या, प्रयोजन लिहा. सर प्रयोजन लिहीत असताना ठमाबाई वज्रेश्वरीहून आल्या. येताना त्यांनी अकलोलीच्या गरम कुंडाचं पाणी डबा भरून आणलं होतं.

"मास्तर, माजं गुडगं या पान्यानं चालाया लागलं. तुमची गाडी का न्हाय चालनार?"

"ठमाबाई, ते वेगळं आणि हे वेगळं. याला शुद्ध पाणी लागतं."

"तुमच्या बाटरीत काय आसतं?"

"गंधकाम्ल."

"आनि कुंडाच्या पान्यात?"

मग विज्ञानाच्या शिक्षकाने जे करायला हवं तेच त्यांनी केलं. खरं उत्तर दिलं. "गंधक," ते म्हणाले.

ठमाबाईंनी मान डोलावली आणि विषय तिथेच सोडला. दुसऱ्या दिवशी सर शाळेतून आले तेव्हा सहाही घरं तोंडापर्यंत भरलेली होती, नाक बंद होतं, आणि ठमाबाई ओट्यावर बसून वाट बघत होत्या. "घातलं," त्या म्हणाल्या. "सगल्यांना सारखं घातलं. कोनाला कमी न्हाय." सरांनी हॉर्न दाबला. गाडीतून शेळीचाही आवाज आला नाही.

त्या संध्याकाळी सर जेवले नाहीत. त्यांच्या पत्नी कौसल्याबाई म्हणाल्या, "अहो, दुकानात न्या आणि भरून आणा. सगळे भरतात."

"नेता येत नाही," सर म्हणाले. "बॅटरी हा गाडीचा भाग आहे आणि गाडी कोर्टाची आहे. फाटकाबाहेर नेली तर अपहार होतो."

"आणि आत मेली तर?"

"तर कसूर होते."

कौसल्याबाईंनी ताट झाकून ठेवलं. या दोहोंत बसायला जागा राहत नाही, हे त्यांनाही दिसलं.

सरांनी अर्ज केला. अर्ज शुद्ध मराठीत होता. 'सुपुर्द वाहनातील संचायक घट बाह्य विद्युतप्रवाहाने पुनर्भारित करणेची परवानगी मिळावी.' तो घेणाऱ्या कारकुनाने चष्मा वर केला.

"कसला घट? नवरात्र होऊन गेलं की."

"संचायक घट. बॅटरी."

"मग बॅटरी लिहा. साहेबांना घट म्हटलं तर ते धार्मिक बाबींच्या टेबलाला पाठवतील."

सरांनी 'घट' खोडून 'बॅटरी' लिहिलं आणि खोडल्याजागी सही केली. इतकी अपमानास्पद सही त्यांनी याआधी केली नव्हती. तीन आठवड्यांनी तारीख लागली. दोन्ही भावांच्या वकिलांनी हरकत घेतली. लडकूचा वकील म्हणाला, बॅटरी बाहेर गेली तर विठू ती बदलेल. विठूच्या वकिलाने नाव फिरवून तेच सांगितलं. शेवटी हुकूम झाला. बॅटरी दर पंधरा दिवसांनी, शाळेच्या सुटीच्या दिवशी, बेलिफाच्या देखरेखीखाली आणि दोन्ही पक्षांच्या समक्ष भरून आणावी. भरत असताना दोन्ही पक्षांनी हजर राहावं.

अशा रीतीने एका रविवारी सकाळी भिवंडीच्या रस्त्यातून एक मिरवणूक निघाली. पुढे सर, आपली सायकल धरून. सायकलच्या कॅरियरवर सुतळीने बांधलेली बॅटरी. तिच्यावर एक हात ठेवून चिंधू भोईर, कारण ती त्याच्या देखरेखीखाली होती. मागे रस्त्याच्या उजव्या कडेने लडकू पाटील, डाव्या कडेने विठू पाटील. दोघांच्या अंगावर स्वच्छ पांढरे कपडे होते आणि दोघे एकमेकांकडे बघत नव्हते. गंभीर चेहऱ्याची चार माणसं आणि मधे बांधलेला काळा ठोकळा पाहून एका हॉटेलवाल्याने टोपी काढली.

कल्याण रस्त्याला गफूर मिस्त्रीचं बॅटरीचं दुकान होतं. त्याने झाकण काढलं, वास घेतला आणि सरांकडे पाहिलं.

"सर, इसमें क्या डाला?"

"पाणी," सर म्हणाले.

"किधर का पानी?"

सरांनी सुतळीचा गुंडा वळायला घेतला. चिंधू गप्प बसणारा नव्हता. "अकलोलीचं," तो म्हणाला. "कुंडाचं."

गफूर मिस्त्रीने झाकण बाजूला ठेवलं. तो सभ्य माणूस होता. त्याने बॅटरी उलटी करून धुतली, नवं तेजाब भरलं आणि वायरी लावल्या. मग सरांना चार गोष्टी सांगितल्या. गाडी उभी असेल तर बॅटरीची एक तार काढून ठेवायची, म्हणजे आत काही चालू राहिलं तरी ती पिऊन टाकत नाही. तारा बसतात त्या टोकांना व्हॅसलीन लावायचं. पाणी फक्त डिस्टिल्ड, पत्रे बुडतील इतकंच. आणि पंधरा दिवसांनी हळूहळू भरायची, घाई नाही. "धीरे से, सर. बॅटरी को जबरदस्ती नहीं चलती."

सरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. गंमत म्हणजे यातली प्रत्येक गोष्ट त्यांना माहीत होती. फक्त त्यांच्या माहितीत व्हॅसलीन नव्हतं.

हळूहळू म्हणजे दिवसभर, आणि वीजकपात असली की त्याहून जास्त. दुकानात एकच बाक होता. त्याच्या एका टोकाला लडकू बसला, दुसऱ्या टोकाला विठू, मधे सर, आणि समोर स्टुलावर चिंधू, देखरेख करत. पहिल्या रविवारी दोघे भाऊ एक शब्द बोलले नाहीत. चहा आला तेव्हा लडकूने सरांना सांगितलं, "त्याला सांगा, साखर जास्त हाय, त्याला सोसत न्हाय." सरांनी विठूला सांगितलं. विठू म्हणाला, "त्याला सांगा, मना ठावं हाय." सरांनी तेही सांगितलं. विज्ञानाच्या शिक्षकाचा तांब्याची तार म्हणून उपयोग होत होता, पण त्यांनी तक्रार केली नाही.

दुसऱ्या रविवारी सरांना शाळेच्या वह्या तपासायच्या होत्या म्हणून ते स्टुलावर जाऊन बसले. बाकावर मधली जागा रिकामी राहिली. तिसऱ्या रविवारी लडकूच्या घरचा डबा आला. त्यात बोंबलाचं कालवण होतं, आणि ते डब्यात एका माणसाला जास्त होईल इतकं होतं. लडकूने डबा मधल्या जागेत ठेवला आणि रस्त्याकडे बघत राहिला. विठूने थोडा वेळ रस्त्याकडेच पाहिलं. मग तो म्हणाला, "वयनीनं केलंय?" लडकू म्हणाला, "नाय तर काय मी केलंय?" पाच महिन्यांत दोघांनी थेट बोललेली ही पहिली वाक्यं होती. सरांनी मान वर केली नाही, पण 'रविवार तिसरा, प्रवाह सुरळीत' अशी वहीत नोंद केली. ती बॅटरीबद्दल होती.

घरी बॅटरीला आता शिस्त होती. एक तार सुटलेली असल्यामुळे हॉर्न वाजत नसे, आणि गल्लीचा त्या गाडीतला रस संपला. ठमाबाईंनी जावयासाठी गजराचं घड्याळ घेतलं. पावसाळ्यात गाडीखाली पाणी साचलं तेव्हा सरांनी बॅटरी काढून घरात आणली आणि कोपऱ्यात पाटावर ठेवली. ओल्या फरशीवर ठेवू नये, असं रघूमामा म्हणाले होते. यात शास्त्र किती हे सरांना नक्की सांगता येईना, पण अकलोलीनंतर त्यांनी शास्त्रावरून वाद घालणं सोडलं होतं. कौसल्याबाई आल्यागेल्याला सांगत, "पाट पाहुण्यांना होता. आता पाहुणे खाली बसतात." आम्लाची घनता मोजायला शाळेतून सरांनी हायड्रोमीटर आणला, लेखी मागणी देऊन. काचेच्या नळीतला तरंगता दांडा दर शनिवारी हिरव्या खुणेपर्यंत येई. तो तिथे येऊन थांबला की सरांना बरं वाटे. इतकं बरं का वाटतं, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

वर्ष उलटलं आणि पाहणीचा हुकूम आला. वाटणीआधी गाडीची स्थिती तपासायला कोर्टाने एक तरुण वकील कमिशनर म्हणून नेमला होता. तो लाखेच्या सीलातली किल्ली घेऊन आला. चिंधू आला, रघूमामा आले, गफूर मिस्त्री दुकान बंद करून आला, ठमाबाई ओट्यावर बसल्या. दोघे भाऊ एकाच रिक्षातून उतरले. सरांनी आदल्या दिवशी बॅटरी जागेवर बसवली होती, दोन्ही तारा आवळल्या होत्या, व्हॅसलीन लावलं होतं. शर्टला इस्त्री होती. रात्रभर त्यांनी 'पहिल्या खटक्यात' हे दोन शब्द मनात घोळवले होते.

"कोण चालू करतंय?" कमिशनरने विचारलं.

"विठू करील," लडकू म्हणाला.

"न्हाय, दादा करील," विठू म्हणाला.

"तू बस रं."

"आदी तू."

ज्या चाकासाठी दोघांनी वकील लावले त्या चाकाशी आता दोघांतला एकही बसेना. कमिशनरने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "सुपुर्ददार बसतील. ते निःपक्षपाती आहेत."

गायकवाड सर आयुष्यात कधी मोटारीच्या चाकाशी बसले नव्हते. ते आत उतरले. सीटमधून काथ्या बाहेर आला होता, कारण आत उंदरांनी बिऱ्हाड केलं होतं. टायर अर्धे बसले होते. टाकीतलं पेट्रोल वर्षभरात उडून तळाशी काळं काहीतरी उरलं होतं. यांपैकी कशाचीही सरांनी वर्षभर चौकशी केली नव्हती. सरांनी सांभाळली होती ती बॅटरी. चिंधूने चाकाखालचा दगड काढला. सरांनी चष्मा सारखा केला आणि किल्ली फिरवली.

गाडी उताराला घसरू नये म्हणून ढकलणाऱ्यांनी वर्षापूर्वी ती गिअरमध्ये टाकून ठेवली होती. हे कुणी सरांना सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी गिअर म्हणजे कुठलं ते त्यांना दाखवावं लागलं असतं. इंजिन चालू झालं नाही. गाडी चालू झाली. तिने एक हिसका दिला आणि ती छपराबाहेर आली. सर घाबरले, आणि घाबरलेला माणूस हातातली वस्तू घट्ट धरतो, तशी त्यांनी किल्ली धरून ठेवली. गाडी हिसके देत अंगणातून निघाली. कमिशनर बाजूला झाला. चिंधू देखरेख सोडून तुळशीमागे गेला. "सोडा! चाबी छोडो, सर!" गफूर ओरडला. सरांनी किल्ली सोडली ती गाडीचं लांब नाक फाटकाच्या सिमेंटच्या खांबात शिरल्यावर. डावा दिवा फुटून खाली पडला. मग खांब हळूच कलला आणि नाकावर टेकला.

सर चाकाशी ताठ बसून होते. हमी, कसूर आणि कारवाई हे तीन शब्द त्यांच्यासमोर रांगेत उभे होते.

पहिला बोलला तो गफूर मिस्त्री. त्याच्या आवाजात आदर होता. "इंजिन तो लगाच नहीं," तो कमिशनरला म्हणाला. "पूरी गाडी खाली बॅटरी पे गयी, साब. गिअर में, उतरे हुए टायर पे. पंधरा साल धंदा कर रहा हूं, ऐसी बॅटरी नहीं देखी."

मग लडकू हसायला लागला. आधी तो दाबून हसत होता. विठूने त्याच्याकडे पाहिलं, आणि विठूला हसताना खांबाचा आधार घ्यावा लागला. पण खांब हलत होता, म्हणून त्याने भावाचा खांदा धरला. दोघे डोळे पुसेपर्यंत हसले. मग लडकू म्हणाला, "साहेब, लिवा. गाडी विठूला. मना नको."

"मना घेऊन काय करू? दादाला द्या."

"भंगारात द्या," दोघे एकदम म्हणाले, आणि बाकीच्या वाटणीची तडजोड आठ दिवसांत देतो असं त्यांनी तिथेच कबूल केलं. सुपुर्ददाराविरुद्ध तक्रार नाही, असंही दोघांनी लिहून दिलं. लडकूने सरांचा हात धरून त्यांना गाडीबाहेर काढलं. "सर, तुमी लय केलं आमच्यासाठी," तो म्हणाला. सरांना त्यातलं काही पटलं नाही. त्यांनी केलं होतं ते बॅटरीसाठी.

कमिशनर ओट्यावर बसून अहवाल लिहीत होता. सर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. नाक चेपले, दिवा फुटला, सीट कुरतडलेली, टायर बसलेले, इंजिन चालू झाले नाही. एकेक ओळ खाली येत होती आणि प्रत्येक ओळीला सर थोडे आखडत होते.

"साहेब," ते शेवटी म्हणाले, "बॅटरीबद्दल काही लिहायचं असतं का?"

तरुण वकिलाने वर पाहिलं. समोर इस्त्रीचा शर्ट, वाकडा झालेला चष्मा आणि हातात एक वही. त्याने वही घेतली, चार पानं चाळली आणि परत दिली. मग लेखणी शाईत बुडवून त्याने शेवटी एक ओळ लिहिली.

'वाहनाची बॅटरी मात्र उत्कृष्ट स्थितीत आढळून आली.'

पुढच्या सोमवारी सर अर्धी रजा टाकून कोर्टात गेले. अहवालाची प्रमाणित नक्कल हवी होती. त्यांनी छापील अर्ज भरला, तिकीट चिकटवलं आणि खिडकीत दिला. खिडकीमागच्या कारकुनाने तो वरून खाली वाचला.

"प्रयोजन कोरं आहे. नक्कल कशासाठी हवी? अपिलासाठी?"

"नाही."

"दुसरा दावा लावताय?"

"नाही हो. दावा मिटला."

"मग काहीतरी लिहा. कोरं चालत नाही."

सरांनी अर्ज परत घेतला. मागे माणसांची रांग होती. त्यांनी थोडा विचार केला, पेनाचं टोपण काढलं आणि प्रयोजनाच्या रकान्यात स्वच्छ, शाळेतल्या अक्षरात लिहिलं, 'वाचण्यासाठी'. कारकुनाने ते पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि शिक्का मारला.